मी लाईनवर आहे

वीज जाऊन सहावा दिवस होता. मिल्टन वादळ ९ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री फ्लोरिडातल्या सिएस्टा की बेटापाशी किनाऱ्याला धडकलं. टॅम्पाच्या उत्तरेला असलेल्या आमच्या वस्तीत पाणी शिरलं नाही, पण शेजारच्या घरावर ओकची अख्खी फांदी आडवी झाली होती. त्या झाडावरच्या राखाडी, शेवाळासारख्या दिसणाऱ्या जटांच्या झिपऱ्या रस्ताभर पसरल्या होत्या. ओल्या पाचोळ्याचा आंबूस वास आणि रात्रंदिवस चालणारी जनरेटरची घरघर यांची एव्हाना सवय झाली होती. फ्रीजमधलं सगळं टाकून दिलं होतं, त्यात आईने पाठवलेलं मेतकूट तेवढं वाचलं. पेट्रोल पंपांवर रांगा होत्या, त्यामुळे गाडी चालू ठेवणं परवडणारं नव्हतं. इंजिन न लावता चारही काचा खाली करून मी आणि माझी नववीतली लेक दारातल्या गाडीत बसलो होतो. फोन तिथेच चार्ज होत होता आणि तिच्या शिक्षिकेचा फोन तिथेच येणार होता.

ती फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूलमध्ये शिकते. तिची शाळा सगळी ऑनलाईन. प्रत्येक धड्यांचा गट संपला की चाचणीच्या आधी शिक्षिकेशी फोनवर तोंडी बोलावं लागतं. त्याला मुलं ‘डीबीए’ म्हणतात. जे लिहून पाठवलंय ते खरंच समजलंय का, ते शिक्षिका बोलता बोलता तपासते. वादळामुळे बाईंनी मुदत वाढवून दिली होती, पण लेकीला ते उरकून टाकायचं होतं. जड जाणारी गोष्ट लांबणीवर टाकली तर तिला रात्री झोप येत नाही.

विषय जीवशास्त्राचा होता. सुरुवातीची दोन उत्तरं झाली. मग बाईंनी विचारलं, बटाट्याची चकती मिठाच्या पाण्यात ठेवली तर मऊ का पडते? लेकीने तोंड उघडलं आणि शब्द अडकला. तिचा शब्द अडकतो तेव्हा आवाजच येत नाही. ओठ एका आकारात थिजतात, मानेची शीर वर येते, डोळे एका जागी खिळतात. समोर गाडीच्या पट्टीवर घड्याळ होतं. १०:१४ चे १०:१५ झाले. पलीकडून काही आवाज नाही. लाईन तुटली की काय म्हणून मी फोनकडे पाहिलं, सेकंद चालू होते. १०:१६ झाले. घाम माझ्या कानामागून ओघळत होता. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “ऑस्मोसिस.”

बाई म्हणाल्या, “थँक यू. पण मी तिच्या उत्तरासाठी थांबले आहे. सावकाश होऊ दे. मी लाईनवर आहे.”

लेक खिडकीतून बाहेर बघायला लागली.

त्या वाक्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. तरीही गेले कित्येक महिने ते मला भांडी घासताना, सिग्नलला थांबले असताना, पहाटे जाग आल्यावर ऐकू येतं. मला वाईट वाटलं ते बाईंनी टोकलं म्हणून नाही. एका अनोळखी गावातली, कधी समोर न आलेली बाई माझ्या मुलीसाठी पूर्ण दोन मिनिटं शांत बसू शकते आणि जिने तिला नऊ महिने पोटात वागवलं तिला ती दोन मिनिटं निघत नाहीत, हे मला तिथे, त्या उकाड्यात कळलं.

शिवाय माझं उत्तर बरोबर असूनही ते तिचं नव्हतं. थोड्या वेळाने शब्द सुटला तेव्हा ती ऑस्मोसिस म्हणालीच नाही. ती म्हणाली, “बेदाणे.” आणि मग अडखळत, मध्ये मध्ये थांबत, तिने सांगितलं की तिची आजी खिरीत घालायचे बेदाणे आधी वाटीत पाण्यात भिजत घालते, ते सकाळी टम्म फुगलेले असतात, आणि बटाट्याचं नेमकं त्याच्या उलट होतं. बेदाण्याच्या आत साखर जास्त म्हणून पाणी आत जातं. मिठाच्या पाण्यात मीठ बाहेर जास्त म्हणून बटाट्यातलं पाणी बाहेर येतं. बाईंनी लगेच पुढचं विचारलं, तेच बेदाणे घट्ट पाकात टाकले तर? आणि पुन्हा गप्प बसल्या.

बेदाणे आमचे. माझं माहेर तासगाव तालुक्यातलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेडवरच्या जाळ्यांवर द्राक्षं पसरलेली असायची, आणि त्या दिवसांत सगळ्या गावाला एक गोड, किंचित तुरट वास असायचा. शाळेत परासरणाचा, म्हणजे ऑस्मोसिसचा, प्रयोग बेदाण्यांचाच. प्रयोगाच्या पाच मिनिटं आधी अर्धे बेदाणे पोरांनी खाऊन टाकलेले असायचे. हे सगळं मी लेकीला कधीतरी सांगितलं होतं, कुठल्यातरी लांबच्या प्रवासात गाडी चालवताना, आणि ती ऐकत नाहीये असं समजून. तिने ते जपून ठेवलं होतं आणि योग्य जागी काढलं. मी मध्ये बोलले नसते तर आणखी वीस सेकंदांत काढलं असतं.

आमच्या त्या शाळेत एका वर्गात साठाच्या वर मुलं. बस्करपट्ट्यांवर मांडीला मांडी लावून बसायचो. रोज सकाळी पाढे. आधी सगळ्यांनी मिळून, मग एकेकाने उभं राहून. आमच्यात एक मुलगा होता, मुलांच्या ओळीत शेवटून दुसरा. सगळे मिळून पाढे म्हणायचे तेव्हा त्याचा आवाज सगळ्यांत खणखणीत. एकोणतीसचा पाढा आम्ही बाकीचे तोंडातल्या तोंडात पुटपुटायचो, तो मात्र छाती काढून म्हणायचा. प्रतिज्ञेतही तसंच. पण एकट्याने उभं राहायची पाळी आली की ‘ए... ए...’ आणि तिथेच. गुरुजी क्षणभर बघायचे, मग मान हलवून म्हणायचे, “बस. पुढचा.”

गुरुजी दुष्ट नव्हते. ते त्या मुलाला मारायचे नाहीत, हसायचे नाहीत, कुणी हसलं तर त्याच्याकडे खडू भिरकवायचे. त्यांच्याकडे साठ मुलं होती आणि तास पस्तीस मिनिटांचा. ‘पुढचा’ हा त्यांच्या परीने दयेचा शब्द होता, मुलाची सुटका करणारा. आणि तो मुलगाही सुटल्यासारखा खाली बसायचा. पण दहा वर्षं रोज त्याची सुटका होत राहिली, आणि त्याला पाढा येतो की नाही हे शाळेला शेवटपर्यंत कळलं नाही. आम्हाला येत होतं ऐकू. तो येत होता त्याला.

लेकीला बोलायला लागल्यापासूनच अडखळायला होतं. आधी म्हणाले, होईल आपोआप कमी, बऱ्याच मुलांचं होतं. तिचं झालं नाही. सातवीत असताना ती घराजवळच्या शाळेत जायची. इमारत सुंदर, शिक्षक मायेचे, वर्गात पंचवीसच मुलं. तिथेही मोठ्याने वाचायची पाळी आली की तेच व्हायचं. तिच्या पुढचं वाक्य शेजारची मैत्रीण पटकन वाचून टाकायची, प्रेमानेच. शिक्षिका म्हणायच्या, ठीक आहे, आपण पुढे जाऊ. इंग्रजीतला ‘पुढचा’. हळूहळू लेक जेवणाच्या सुट्टीतही टॉयलेटच्या बाजूच्या पॅसेजमध्ये जाऊन बसायला लागली, कारण कॅन्टीनमध्ये बोलावं लागायचं. हे मला तिने सांगितलं नाही. तिच्या दप्तरात चार दिवसांचे न उघडलेले डबे सापडले तेव्हा कळलं. पोळ्यांना बुरशी आली होती. तो वास आठवला तरी माझ्या पोटात कालवतं.

तेव्हा आम्ही शाळा बदलायचं ठरवलं. आणि खरं सांगायचं तर, ठरवण्यामागे विचार एवढाच होता की तिथे तिला बोलावं लागणार नाही.

घरी, म्हणजे तासगावला, फोनवर सांगितलं तेव्हा आई बराच वेळ काही बोलली नाही. मग दबक्या आवाजात म्हणाली, “म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म भरला का गं?” आमच्याकडे शाळा सुटलेली, नापास झालेली, लग्न ठरलेली मुलगी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसते. आईच्या मनात तेच चित्र उभं राहिलं, आणि ते पुसायला मला दोन वर्षं लागली. मी तिला सांगत राहिले, अगं, ही जिल्हा परिषदेच्या शाळेसारखीच सरकारी शाळा आहे. फी नाही. आपल्याच करातून चालते. शिक्षक राज्याचा परवाना असलेले. सहावी ते आठवी वेगळी, नववी ते बारावी वेगळी, प्रगतिपुस्तक, पदवीदान, सगळं आहे. नाही ती फक्त इमारत. आई म्हणाली, “इमारत नाही मग घंटा कुठे वाजते?” मला उत्तर देता आलं नाही. इथल्या गणपतीत भेटणाऱ्या मराठी मंडळींचंही थोडंफार तसंच. डॉक्टर, इंजिनिअर, वीस-वीस वर्षं अमेरिकेत राहिलेली माणसं, पण ‘ऑनलाईन’ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे २०२० सालचं ते मोबाईलला चिकटलेलं, माइक बंद करून झोपणारं पोर येतं. चेहऱ्यावर एकदम सांत्वन पसरतं.

खरं म्हणजे ही शाळा कोविडची नव्हे. १९९७ ची आहे. ऑरेंज आणि अलाचुआ या दोन काउंट्यांनी राज्याकडून दोन लाख डॉलर अनुदान घेऊन ती सुरू केली, आणि पहिल्या वर्षी ७७ प्रवेश होते. १९९७ मध्ये आमच्या गावात एसटीडी बूथसमोर रांग लागायची. इकडे मॉडेमच्या किरकिरीतून कुणीतरी मुलांना बीजगणित शिकवायचं म्हणत होतं. खेड्यातल्या लहान हायस्कुलांना मोठ्या शहरांसारखे विषय परवडत नाहीत, आजारी मुलं घरी पडून राहतात, कुणाला वेळापत्रकात एखादा विषय बसवता येत नाही, अशा मुलांसाठी हा खटाटोप होता. पुढे २०११ मध्ये राज्याने कायदाच केला की हायस्कूल पूर्ण करायला निदान एक विषय तरी ऑनलाईन शिकलेला असावा. ती अट २०२३ मध्ये काढून टाकली, पण तोवर सगळ्यांना सवय झाली होती. त्यामुळे इथे नेहमीच्या शाळेतली मुलंही या शाळेचा एखादा विषय घेतात आणि कुणाला त्याचं नवल वाटत नाही. शाळेचं ब्रीदवाक्य आहे, केव्हाही, कुठेही, कोणत्याही वाटेने, कोणत्याही वेगाने. यातला ‘वेग’ हा शब्द मी आधी हुशार मुलांसाठी समजत होते, वर्षाचं सहा महिन्यांत संपवणाऱ्या. सावकाशी हाही एक वेग असतो हे गाडीत बसल्यावर समजलं.

पहिल्याच आठवड्यात आम्हाला धक्का बसला. प्रत्येक विषयाच्या शिक्षिकेचा ओळखीचा फोन आला. आधी माझ्याशी, मग लेकीशी. आणि मग कळलं की दर थोड्या दिवसांनी प्रत्येक विषयाची तोंडी चर्चा असणार, तीही फोनवर. मी खुर्चीत बसूनच राहिले. ज्याला अडखळायला होतं त्याच्यासाठी फोनइतका कठीण प्रकार नाही. समोर माणूस असला तर तुमचे ओठ, हात, डोळे त्याला दिसतात, तुम्ही बोलायचा प्रयत्न करताय हे त्याला समजतं. फोनवर नुसती शांतता ऐकू जाते, आणि शांतता झाली की लोक ‘हॅलो? हॅलो?’ करत फोन ठेवून देतात. लेकीने तोवर जन्मात कधी पिझ्झासुद्धा फोनवर मागवला नव्हता. आम्ही बोलण्यापासून पळून आलो होतो आणि पोचलो थेट फोनच्या तोंडाशी.

पहिल्या तोंडीच्या आदल्या रात्री तिला ताप आला. मी शाळेला पत्र लिहिलं की हिला लेखी उत्तरांची सवलत द्या. सरकारी शाळा म्हटल्यावर विशेष गरजांच्या मुलांसाठीचा १९७५ पासूनचा केंद्रीय कायदा इथेही लागू होतो, तेव्हा मागणी रास्तच होती. समाजशास्त्राच्या बाईंनी फोन केला. म्हणाल्या, सवलत मिळेल, तो तिचा हक्क आहे, पण ती स्वतः काय म्हणते? तिला हवा तेवढा वेळ मी देऊ शकते. माझ्या मागे वर्ग नाहीये. मी लेकीकडे पाहिलं. तिने बराच वेळ विचार केला आणि मान हलवली. बोलते म्हणाली. पहिली तोंडी चाळीस मिनिटं चालली. इतर मुलांची पंधरात होते. मी बाहेर जिन्यावर बसून होते. दार बंद होतं आणि दोन दोन मिनिटं आतून काहीच ऐकू येत नव्हतं, मग तिचा आवाज, मग पुन्हा काही नाही. दार उघडलं तेव्हा तिचा टीशर्ट पाठीवर भिजला होता आणि तिने सरळ स्वयंपाकघरात जाऊन उभ्या उभ्या तीन केळी खाल्ली.

आमच्या ओळखीतले एक गृहस्थ, शिक्षणक्षेत्रात काम केलेले, मला म्हणाले होते की त्या शाळेला पैसेच मुलांनी विषय यशस्वीपणे पूर्ण केल्यावर मिळतात, म्हणून शिक्षक इतका पाठपुरावा करतात. ते खरं आहे, २००३ पासून तसा नियम आहे. नुसतं नाव पटावर असून भागत नाही. मला त्या नियमात काही वाईट दिसत नाही, उलट आपल्याकडे हजेरीवर चालणाऱ्या शाळांचा विचार केला तर तो शहाणपणाचाच वाटतो. पण मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे आणि मला असं वाटतं की नियमामुळे शिक्षिका फोन करेल, चार वेळा करेल, पत्रं पाठवेल. फोनवर दोन मिनिटं न बोलता बसायला कोणता नियम लावणार? ‘हं’ म्हणायचं नाही, ‘बरोबर’ म्हणायचं नाही, पहिलं अक्षर सुचवायचं नाही. ते तिचं तिने ठरवलं असणार. कदाचित तिच्याही घरी कुणी असेल.

आता मनातलं दुसरं. ते सांगितलं नाही तर हे लिहिणं खोटं होईल.

लेकीच्या खोलीत दिवसभर शांतता असते. सकाळी ती उठते, कॉम्प्युटर उघडते, धडा वाचते, लिहिते, दुपारी उभ्याने काहीतरी खाते. आठवड्यातून काही वेळा ऑनलाईन तास असतात, तिथे मुलं लिहून बोलतात, शब्द भराभर वर सरकत जातात. ती लिहिण्यात फार चपळ आहे, विनोदी आहे, तिथे तिच्या मैत्रिणी आहेत, एक पेन्साकोलाची, एक मायामीकडची. पण त्या मैत्रिणींच्या केसांना कोणतं तेल लावतात तो वास तिला माहीत नाही. भांडण झालं की पाठ फिरवून बसता येत नाही. सगळ्यात मला काय खुपतं माहीत आहे? जुन्या शाळेत रोज सकाळी सगळी मुलं छातीवर हात ठेवून देशाची प्रतिज्ञा म्हणायची. ती ओळ लेक कधीच अडखळायची नाही. पंचवीस आवाजांत तिचा आवाज सरळ वाहत जायचा. असं होतंच. अडखळणारी माणसं इतरांच्या आवाजात आवाज मिसळून बोलली की बहुतेकदा अडखळत नाहीत, गाताना तर नाहीच. गणपतीत ती ‘सुखकर्ता दुखहर्ता’ पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधले कठीण शब्द घेऊन, टाळ्या वाजवत म्हणते. ‘लंबोदर पीतांबर फणिवरबंधना’ला मी दरवर्षी तिच्याकडे बघते. तिथे ‘प’ आहे, ‘फ’ आहे, तिचे दोन्ही वैरी, आणि ती हसत हसत त्यांच्यावरून जाते.

नव्या शाळेने तिला थांबणारं माणूस दिलं. पण तिच्या आवाजात आवाज मिसळायला तिथे कुणी नाही.

मला त्या पाठीमागच्या ओळीतल्या मुलाची आठवण येते ती इथे. त्याला आमच्या शाळेत थांबणारं कुणी मिळालं नाही, पण रोज सकाळी साठ आवाजांचा आधार मिळत होता. काही वर्षांपूर्वी तासगावला गेले होते तेव्हा एकादशीच्या रात्री देवळात भजन चालू होतं. मी बाहेर चपला काढत होते. आतून एक आवाज आला, बाकी सगळ्यांच्या वर अर्धा हात, खणखणीत. आत गेले तर तोच. केस पांढरे झालेले, गळ्यात टाळ, डोळे मिटलेले. भजन संपल्यावर मी ओळख दिली. तो नुसता हसला, हात जोडले, आणि माझ्या हातावर प्रसादाचे चार बेदाणे ठेवले. बोलला काहीच नाही. मीही थांबले नाही. आता वाटतं, थांबायला हवं होतं. त्याला काहीतरी म्हणायचं होतं कदाचित. मागे प्रसादाची रांग होती आणि मी पुढे सरकले.

वादळाच्या आधीच्या मे महिन्यात राज्याच्या परीक्षेला लेकीला केंद्रावर न्यायचं होतं. शिक्षण घरून असलं तरी राज्याच्या परीक्षा प्रत्यक्ष जाऊनच द्याव्या लागतात. एका मोठ्या थंडगार हॉलमध्ये शंभरेक मुलं, सगळी एकाच शाळेची, आणि एकमेकांना कुणी ओळखत नाही. कुणी व्हीलचेअरवर, एकाच्या बुटांवरून वाटलं की तो टेनिस खेळणारा असावा, एक मुलगी कडेवरच्या बाळाला आईकडे देऊन आत गेली. बाहेर आम्ही आई-बाप कागदी कपात कॉफी घेऊन उभे. कुणीच कुणाला ‘तुमचं मूल इथे का?’ असं विचारलं नाही. तेवढ्या सभ्यपणाने मला भरून आलं. दाराशी नाव विचारत होते. लेकीला स्वतःचं नाव सांगणं सगळ्यांत अवघड जातं, कारण तिथे दुसरा शब्द वापरता येत नाही. ती उभी राहिली. मी दहा पावलांवर होते. मी नाव ओरडून सांगितलं. दारातल्या बाईने यादीत खूण केली. लेक मागे न बघता आत गेली.

आणि तरीही मला त्या दिवशी काही कळलं नव्हतं. स्पीच थेरपिस्टने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की तिची वाक्यं पूर्ण करू नका, ‘श्वास घे’ म्हणू नका, ‘सावकाश बोल’ म्हणू नका, नुसतं बघत राहा आणि तिला काय म्हणायचंय ते ऐका. मी ते वहीत लिहून घेतलं होतं. शाळेच्या कागदपत्रांत माझ्या नावापुढे ‘लर्निंग कोच’ असं लिहिलेलं आहे. या शाळेत घरच्या मोठ्या माणसावर ती जबाबदारी असते, मुलाचं वेळापत्रक बघायचं, काम वेळेत होतंय ना ते पाहायचं. मी ते इमानाने केलं. एकही धडा राहू दिला नाही. फक्त वहीतलं ते एक वाक्य मी रोज मोडत होते. जेवताना, दुकानात, डॉक्टरांकडे, फोनवर आजीशी बोलताना. ती ‘भा...’ म्हणाली की मी ‘भात हवाय?’ म्हणायचे आणि वाढायचे. ती खायची. कधी तिला भाजी हवी असेल. कधी ‘भारी झालंय’ म्हणायचं असेल. चौदा वर्षांत तिने किती वेळा नुसता भात खाल्ला असेल, ते मोजण्याचा आता काही उपाय नाही.

वादळानंतर मी थांबायला शिकते आहे. जमतंच असं नाही. माझी जीभ सवयीने पुढे धावते आणि मग मी ती दातांत धरते. त्या शांततेत मला कसलीशी भीती वाटते, पाणी चढत असल्यासारखी. मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलंय. तिच्याकडे बघते. तिच्या डाव्या भुवईवर एक तीळ आहे, तो मी कित्येक वर्षांत नीट पाहिला नव्हता.

फेब्रुवारीतली गोष्ट. रात्रीची जेवणं झाली होती, मी ओटा पुसत होते, ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. बराच वेळ. काहीतरी सांगायचं असलं की ती तशी उभी राहते. मी कापड खाली ठेवलं आणि वळले.

“आई, मला क...”

ओठ थिजले. माझ्या मनात शब्द तयार झाला, स्वच्छ, मोठ्या अक्षरात. कंटाळा. मला कंटाळा आलाय, या खोलीचा, या शाळेचा, एकटीने जेवायचा. मी गेली दोन वर्षं तो शब्द येणार म्हणून धास्तावले होते. माझ्याकडे उत्तरही तयार होतं, पुढच्या वर्षी आपण परत त्या शाळेत जाऊ, काही हरकत नाही, बाबांशी मी बोलते. सगळं जिभेवर आलं होतं. फ्रीज घरघरायला लागला आणि बंद झाला. तिच्या मानेची शीर वर आली, खाली गेली. तिने एकदा डोळे मिटून उघडले. मी त्या तिळाकडे बघत राहिले.

“को... कोरसमध्ये जायचंय.”

घराजवळच्या हायस्कूलचा कोरस. कायद्याने पूर्णवेळ ऑनलाईन शाळेतल्या मुलांना आपल्या भागातल्या सरकारी शाळेच्या खेळांत आणि इतर उपक्रमांत भाग घेता येतो, हे तिने स्वतः शोधून काढलं होतं. अर्ज भरून ठेवला होता. कोरसच्या शिक्षिकांना फोनही केला होता, आपणहून, मी दुकानात गेले होते तेव्हा.

“किती वेळ लागला फोनला?” मी विचारलं.

ती हसली. मग उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि मी ओट्याला टेकून उभी राहिले.